ओढून नेता येणारं घर घ्यायचंय, पण सांगाडा कोणता?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको पुढची आठ-दहा वर्षं ट्रेलरच्या घरात राहायचं म्हणतोय. वर्षातून दोन-तीनदा जागा बदलू, एरवी मुक्काम एकाच ठिकाणी. आमची गाडी २,५०० किलोपर्यंत ओढू शकते. पैसे मोजकेच आहेत. तीन गोष्टी पाहून ठेवल्या आहेत. वीस वर्षांची एक कॅरव्हॅन, आतून नवा रंग, नव्या गाद्या, नवे पडदे. मालक बरीच स्वस्त देतोय. दुसरा, मालवाहतुकीचा बंद पेटीचा ट्रेलर, चार वर्षांचा, दोन ॲक्सलचा, पाच मीटर लांब, आतून पूर्ण रिकामा. तिसरं, चाकांवर बांधलेलं सहा मीटरचं लाकडी घर. मन त्याच्यावरच बसलंय. टिकेल कोणतं? आणि पैसे कुठे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत?

उत्तर: मन ज्याच्यावर बसलंय त्याच्यापासूनच सुरुवात करू, कारण तिथे नाही म्हणावं लागणार आहे. लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी फळ्या, आत स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर असलेलं सहा मीटरचं घर सामानासकट साधारण चार ते पाच टन भरतं. तुमच्या गाडीच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट. सपाट रस्त्यावर ते कदाचित हलेलही, पण उतारावर थांबणार नाही. असं घर एकदा जागेवर नेऊन पाच-सात वर्षं तिथेच ठेवायचं आणि हलवायची वेळ आली की भाड्याने मोठी गाडी बोलवायची, असं ज्यांचं गणित असतं त्यांना ते उत्तम आहे. तुमचं तसं नाही.

उरले दोन. आमचं मत पेटीच्या ट्रेलरच्या बाजूने आहे. कारण समजून घ्या, म्हणजे उद्या चौथं काही समोर आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

ओढायच्या घरांना बहुतेक वेळा पाणी संपवतं. इंजिन नाही, फिरणारे भाग फारसे नाहीत, झिजायला चाकं, ब्रेक, बेअरिंग आणि स्प्रिंगा एवढंच. ते सगळं बदलता येतं. कुजलेली भिंत मात्र बदलायची म्हणजे घर उघडून पुन्हा बांधायचं. म्हणून टिकाऊपणा बघताना दोनच प्रश्न विचारायचे: पाणी शिरायला सांधे किती आहेत, आणि शिरलं तर आत कुजण्यासारखं काय आहे?

जुन्या कॅरव्हॅनमध्ये दोन्ही उत्तरं वाईट येतात. भिंतीत तीन-चार सेंटिमीटरच्या लाकडी पट्ट्यांची चौकट असते, पट्ट्या एकमेकींना पिनांनी जोडलेल्या. बाहेर जेमतेम अर्धा मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आत तीन मिलिमीटरचा प्लाय. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे ॲल्युमिनियमची कोनपट्टी स्क्रूने बसवलेली असते, आणि तिच्याखालचा पाणी अडवणारा मऊ लेप दहा-पंधरा वर्षांत वाळून तडकतो. पाणी त्या स्क्रूच्या वाटेने आत जातं, पट्टीवरून खाली उतरतं आणि तळाच्या आडव्या लाकडात जाऊन बसतं. आतल्या प्लायवर डाग दिसेपर्यंत मागचं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. त्यामुळे वीस वर्षांच्या कॅरव्हॅनला आतून नुकताच रंग दिलाय म्हटल्यावर आमचं पाऊल थबकतं. रंग हौसेनेही दिलेला असेल. पण डाग झाकायलाही रंगच लागतो.

बघायला गेलात तर ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र, विजेरी आणि एक दाभण न्या. पुढच्या बाजूच्या पलंगाची फळी उचला आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत हात घाला. तिथे सहसा रंग पोचलेला नसतो. जमीन आणि भिंत मिळते त्या रेषेवर दाभण हलकेच टेकवा. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजक्यात दोन-तीन मिलिमीटर सहज उतरतं. मग यंत्र घेऊन प्रत्येक खिडकीच्या खालचे दोन कोपरे, छतावरच्या झडपेभोवती, कपाटांच्या आतले वरचे कोपरे आणि मागच्या दिव्यांच्या पाठीमागची भिंत मोजा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १५ ते २० म्हणजे कुठेतरी झिरपतंय, शोधावं लागेल. २० च्या वर दुरुस्ती आलीच, आणि ३० च्या आसपास किंवा वर आकडा दिसला तर लाकडाची ताकद गेली असं धरून चाला. बाहेरून विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाका. फुगवटे किंवा लाटा दिसल्या तर पत्रा किंवा फायबरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. मुठीने ठोका, सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. असा सुटलेला थर पुन्हा चिकटवून देणारे भेटतील, पण आत ओल राहिलेली असते आणि तो पुन्हा सुटतो.

सगळीकडे १५ च्या आत आकडे आले आणि दाभण कुठेही उतरलं नाही, तर ती कॅरव्हॅन खरोखर स्वस्तात मिळतेय आणि घ्यायला हरकत नाही. मात्र घेतल्याबरोबर छतावरच्या सगळ्या कोनपट्ट्या काढून नवी ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून बसवायची. यात दोघांचे चार-पाच दिवस जातील, पण साहित्य महाग नाही.

एक चौथा प्रकार तुमच्या यादीत नाही, तो सांगून ठेवतो: पूर्ण फायबरच्या साच्यातून काढलेली कॅरव्हॅन. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन कवचांचे भाग, मधे एकच सांधा, तोही फायबरनेच भरलेला. छताला कोनपट्टी नाही, भिंतीत लाकूड नाही. कॅनडात विनिपेगला १९६८ साली बोलर या नावाने अशा गाड्या बनू लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच अजून वापरात आहेत. बनावटीबद्दल यापेक्षा वेगळा दाखला द्यायची गरज नाही. त्यांतही गळतं, पण फक्त खिडक्या, छताची झडप आणि रिव्हेट यांच्यापाशी, आणि तिथे नवं सील बसवणं सोपं. दोष दोन: आकार लहान आणि जुन्यालाही भाव चढा. पाच मीटरची मिळाली तर दोघांना पुरते. जमीन प्लायची असते, ती आणि खालच्या चासीला जोडापाशी पडलेल्या चिरा तेवढ्या तपासा. योग्य भावात मिळाली तर पेटीच्या ट्रेलरआधी ही घ्या.

आता पेटीचा ट्रेलर. लोखंडी चौकट, बाहेर पत्रा, आत रिकामं. कुजण्यासारखी फक्त जमीन, आणि तीही खालून उघडी, म्हणजे दिसते. शिवाय रिकामा असल्यामुळे दोष लपवायला जागा नाही. तुम्ही पैसे सांगाड्याचे देताय, दुसऱ्याच्या सजावटीचे नाही.

तो बघताना अंग मळवून खाली झोपावंच लागेल. आडव्या पट्ट्या ४०० मिलिमीटरवर असाव्यात. ६०० वर असतील तर पत्रा आणि जमीन दोन्ही हलतात, आणि हलणाऱ्या जागी सील टिकत नाही. चाकांच्या वर प्लायवर काळे डाग आहेत का पाहा, कारण चाकांनी उडवलेलं पाणी तिथे लागतं. पुढचा ओढदांडा जिथे मुख्य चासीला जोडलाय आणि स्प्रिंगांचे हुक जिथे वेल्ड केलेत, तिथे तारेचा ब्रश मारून केसासारखी चीर शोधा. मोजायची टेप घेऊन गाडीला जोडायच्या हुकच्या मध्यापासून पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत मोजा. आठ-दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे चासी वाकलेली आहे किंवा ॲक्सल सरकलाय. टायर एकाच कडेला झिजले असतील तर तेच वेगळ्या भाषेत सांगतायत. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनंतर ट्रेलरचे टायर बदलायचे. रस्त्यावर टायर फुटला की तो आतला प्लाय, वायरी आणि पाण्याचे पाइप फाडत जातो.

छत एकसंध पत्र्याचं असलं तर उत्तम. मागे माल चढवायला खाली टेकणारी फळी असलेल्या ट्रेलरपेक्षा दोन पाखांच्या दाराचा बरा, कारण ती फळी जड असते आणि तिच्या खालच्या कडेतून पाणी येतं. उभं राहायला आतली उंची किमान १.९५ मीटर हवी, कारण वर-खाली मिळून सहा-सात सेंटिमीटर जाणार आहेत. तुम्ही उंच असाल तर दोन मीटरच्या वरचाच शोधा. स्प्रिंग पाट्यांची असेल तर कुठल्याही गावात दुरुस्त होते. रबराच्या टॉर्शन ॲक्सलचं रबर थकलं की अख्खा ॲक्सलच बदलावा लागतो.

वजनाचा हिशेब कागदावर मांडूनच कामाला हात घाला. असा ट्रेलर रिकामा साधारण १,२५० किलो. भिंती आणि छत मिळून सुमारे ३६ चौरस मीटर भरतं. त्याला पाच मिलिमीटरचा प्लाय लावलात तर १०० किलोच्या आसपास, बारा मिलिमीटरचा लावलात तर २५०. दीडशे किलोंचा फरक एवढ्या एका निर्णयात आहे, आणि जाड प्लायने घर काडीचंही मजबूत होत नाही, कारण भार लोखंडी चौकट घेते. फोम ५०, जमिनीवरचा थर ६०, खिडक्या ३०, पलंग-कपाटं १२०, बॅटरी-सोलर-वायरिंग ६५, फ्रिज-शेगडी-सिलिंडर ६०, संडास-न्हाणी ३०. इथवर १,७६५ झाले. तुमचं सामान ३५० धरा, म्हणजे २,११५. ऐंशी लिटर पाणी म्हणजे आणखी ८० किलो, पण ते प्रवासात रिकामं ठेवता येतं. २,५०० च्या आत तुम्ही बसता, पण फार मोकळीक नाही. हा हिशेब शेवटी वजनकाट्यावर नेऊन पडताळा. परवाना आणि ओढण्याची मर्यादा ठरवताना काही देशांत प्रत्यक्ष वजन न धरता ट्रेलरच्या प्लेटवरचं कमाल वजन धरतात, ते आधी विचारून घ्या.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे ठेवलंय हे महत्त्वाचं. हुकवर पडणारं वजन जड ट्रेलरना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. युरोपातल्या कॅरव्हॅनना ५ ते ७ टक्के चालतं, कारण त्यांची बांधणी आणि वेगमर्यादा वेगळी. तुमच्या गाडीच्या हुकची स्वतःची मर्यादा असते, ती कधीच ओलांडायची नाही. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि मग स्टिअरिंगने तो सावरत नाही. म्हणून बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी ॲक्सलच्या वर किंवा जरा पुढे, स्वयंपाकघर त्याच्या शेजारी, आणि मागे पलंगासारखं हलकं काहीतरी.

आतल्या कामात सगळ्यात जास्त चुका होतात त्या ओलाव्यामुळे. पत्रा बाहेरच्या हवेइतका गार असतो. आत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा ते एक लिटर पाणी हवेत जातं. गॅसचंही तसंच: एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणूनच धुराड्याशिवायची गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवायची नाही. ओल तर धरतेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

उपाय असा. दोन खांबांच्या मधे एक्सपीएस फोमची (दाट, पाणी न शोषणाऱ्या पॉलिस्टायरीनची) २५ मिलिमीटरची पाटी पत्र्याला सगळीकडे चिकटवून बसवा, मागे हवा राहू देऊ नका. सॉल्व्हंटचा गोंद वापरलात तर फोम वितळतो, पॉलियुरेथेनचा घ्या. मग लोखंडी खांबांवरून, सलग, १०-१२ मिलिमीटरचा दुसरा थर द्या. हा थर लोक टाळतात, आणि पहिल्याच थंडीत भिंतीवर खांबांच्या उभ्या ओल्या रेषा उमटतात. डब्यातला फुगणारा फोम फटींपुरताच ठीक. मोकळ्या खणात भरला तर पातळ पत्रा बाहेर फुगतो. काचलोकर नकोच, ती ओल धरून ठेवते आणि हादऱ्यांनी खाली बसते. हवा खेळायला एक जागा खाली आणि एक छतात, पंख्यासह, आणि ती थंडीतही बंद करायची नाही. गादीखाली सलग फळी न टाकता पट्ट्या टाका, नाहीतर महिन्याभरात गादीच्या पोटाला बुरशी येते.

खिडकी कापताना खांब कापला जाणार नाही हे आतून मोजून बघा, कोपरे गोल ठेवा, नाहीतर तिथून पत्रा फाटत जातो. कापलेली कड कानसून प्रायमर लावा. चौकटीखाली ब्युटाइल टेप, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने काढा. छतावर त्यावर छताचं स्वतःच पसरणारं सीलंट. बाथरूमचं साधं सिलिकॉन छतावर लावू नका: ते सुटलं की त्या जागी दुसरं काहीच चिकटत नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या मधे टेप किंवा रबर ठेवा, दोन्ही ओले राहून टेकले की ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

एक गोष्ट काकुळतीने सांगतो. मालाच्या ट्रेलरची दारं बाहेरच्या दांड्याने बंद होतात आणि आतून उघडत नाहीत. पहिली रात्र आत झोपण्याआधी आतून उघडणारं कुलूप बसवा, आणि दाराच्या विरुद्ध बाजूला माणूस बाहेर पडेल एवढी एक खिडकी हवीच. गॅसचा सिलिंडर बाहेर ओढदांड्यावर. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीवर. आग विझवण्याचं नळकांडं दारापाशी.

पैशांचं म्हणाल तर कपाटं, ओटा, फरशी, पडदे जुने-पुराणे चालतील, पुढे बदलता येतात. टायर, ब्रेक, खिडक्या, टेप-सीलंट आणि गॅसची जोडणी यांत काटकसर नको. प्लाय घेताना कमी फॉर्मल्डिहाइडचा मागा. २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेत बेघर झालेल्यांना दिलेल्या ट्रेलरमध्ये हाच वायू डोळे आणि श्वास यांना त्रास देण्याइतका आढळला होता. एवढ्याशा बंद जागेत साध्या प्लायचा वास घरापेक्षा कितीतरी जास्त भरतो.

मुक्कामी पोचलात की आधी आडवी पातळी साधा, कमी पडणाऱ्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून. मग घरंगळू नये म्हणून चाकांना उटी लावा, गाडी सोडवा, पुढच्या जॅकने लांबीची पातळी घ्या. छतावरचं पाणी निचरून जावं म्हणून एका टोकाकडे वीस-पंचवीस मिलिमीटर उतार ठेवलात तर बरं. महिन्यांचा मुक्काम असेल तर चासीच्या मुख्य पट्टीखाली, ॲक्सलच्या पुढे आणि मागे, भक्कम स्टँड देऊन टायरवरचा भार उतरवा आणि टायर उन्हापासून झाका. कोपऱ्यांचे पाय फक्त डुगडुग थांबवण्यासाठी असतात. त्यांनी ट्रेलर उचलला की चासी पिळते आणि दारं लागेनाशी होतात. बेअरिंगांना वर्षातून एकदा ग्रीस, ट्रेलर हलला नसला तरी. छताचे सगळे सांधे सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक प्रवासानंतर पुन्हा.

पेटीचा ट्रेलर बघायला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. दारं लावून आत उभे राहा, दिवा बंद करा. जिथून उजेडाची टाचणी दिसेल तिथे खडूने खूण करा, आणि भाव त्या खुणा मोजून ठरवा.